घरगुती राउटरवरील स्थिर मार्ग

स्थिर मार्ग म्हणजे राउटरच्या मार्गतक्त्यात व्यवस्थापकाने स्वतः हाताने केलेली नोंद. एखाद्या विशिष्ट पत्तासमूहाकडे निघालेली पॅकेटे कोणत्या शेजारी उपकरणाच्या हवाली करायची, हे ती नोंद राउटरला सांगते. राउटरच्या व्यवस्थापन-पृष्ठावर ही सोय बहुधा 'स्टॅटिक राउट', 'स्टॅटिक राउटिंग' किंवा 'ॲडव्हान्स्ड राउटिंग' या नावाने आढळते. गतिक मार्गनात राउटर एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करून आपले तक्ते स्वतःच अद्ययावत ठेवतात. स्थिर मार्ग मात्र कोणी बदलेपर्यंत किंवा काढून टाकेपर्यंत आहे तसाच राहतो, पलीकडचे उपकरण बंद पडले तरीही.

एकच राउटर असलेल्या घराला स्थिर मार्गाची गरज नसते. घरात दुसरा राउटर आला, प्रयोगासाठी किंवा कॅमेऱ्यांसाठी वेगळे उपजाळे उभारले, किंवा दोन घरांची जाळी आभासी खाजगी जाळ्याने म्हणजे व्हीपीएनने जोडली, की ती गरज निर्माण होते.

मार्गतक्ता आणि मार्गाची निवड

आयपी जाळ्यातील प्रत्येक उपकरणाजवळ, म्हणजे केवळ राउटरजवळ नव्हे तर संगणक, भ्रमणध्वनी आणि छपाईयंत्राजवळही, एक मार्गतक्ता असतो. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत गंतव्य पत्तासमूह, त्याचा मुखवटा म्हणजे सबनेट मास्क, पुढच्या टप्प्याचा पत्ता, बाहेर पडण्याचा दुवा आणि पसंतीक्रम दर्शविणारा मेट्रिक हा अंक असतो. पुढच्या टप्प्याच्या पत्त्याला घरगुती राउटरवर सहसा 'गेटवे' म्हटलेले असते.

तक्त्यातील ओळी तीन प्रकारे येतात. राउटरच्या एखाद्या दुव्याला पत्ता दिला की त्या दुव्यावरील उपजाळ्याची ओळ आपोआप तयार होते. तिला प्रत्यक्ष जोडलेला मार्ग म्हणतात. दुसरा प्रकार डीफॉल्ट मार्गाचा. त्याचे गंतव्य ०.०.०.० आणि मुखवटाही ०.०.०.० असा असतो, म्हणजेच 'अन्य काहीही'. घरगुती राउटरला हा मार्ग इंटरनेट सेवादात्याकडून मिळतो. तिसऱ्या प्रकारात हाताने घातलेले किंवा राउटरांनी परस्परांकडून शिकलेले मार्ग येतात.

एका गंतव्याला एकाहून अधिक ओळी लागू पडत असतील, तर ज्या ओळीचा मुखवटा सर्वांत लांब, म्हणजे जी ओळ सर्वांत नेमकी, ती निवडली जाते. १९२.१६८.२.५० या पत्त्याला डीफॉल्ट मार्गही लागू पडतो आणि १९२.१६८.२.०/२४ हा मार्गही. परंतु दुसऱ्याचे २४ बिट जुळतात आणि पहिल्याचा एकही जुळावा लागत नाही, म्हणून दुसरा विजयी ठरतो. मेट्रिकचा विचार त्यानंतर, आणि तोही समान लांबीच्या मुखवट्यांमध्येच होतो. मेट्रिक कमी केल्यास आपला मार्ग इतर सर्व मार्गांवर मात करील, ही समजूत चुकीची आहे. मेट्रिक १ असलेला डीफॉल्ट मार्ग मेट्रिक १०० असलेल्या २४ बिटांच्या मार्गापुढे नेहमी हरतो.

'/२४' ही लेखनपद्धती सीआयडीआर या पत्तावाटप-पद्धतीबरोबर १९९३ साली रूढ झाली. त्यापूर्वी पत्त्याच्या पहिल्या काही बिटांवरूनच त्याचा वर्ग आणि जाळ्याचा आकार ठरत असे. /२४ म्हणजे २५५.२५५.२५५.० हा मुखवटा. त्यात २५६ पत्ते मावतात आणि पहिला व शेवटचा वगळता २५४ उपकरणांना वापरता येतात. घरांत दिसणारे १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते आरएफसी १९१८ या १९९६ सालच्या दस्तऐवजाने खाजगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. १०.०.०.०/८ आणि १७२.१६.०.०/१२ हे त्याच दस्तऐवजातील अन्य दोन समूह होत.

पार्श्वभूमी

हाताने मार्ग लिहिण्याची पद्धत घरगुती राउटरांहून बरीच जुनी आहे. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ४.२बीएसडी या युनिक्स आवृत्तीत मार्ग घालण्या-काढण्याची 'राउट' ही आज्ञा होती, आणि तिच्याच जोडीला मार्ग आपोआप शिकणारा 'राउटडी' हा प्रक्रम होता. त्या प्रक्रमातील कल्पना पुढे रिप या नियमावलीच्या रूपाने आरएफसी १०५८मध्ये १९८८ साली लेखबद्ध झाल्या. मोठ्या संस्थांची जाळी नंतर ओएसपीएफ आणि बीजीपी यांसारख्या नियमावल्यांकडे वळली. घरांत मात्र दोन-तीन मार्गांसाठी एवढा व्याप करण्याचे कारण नव्हते.

घरगुती राउटरांची आजची घडण नॅट या तंत्राने ठरविली. १९९४ साली आरएफसी १६३१मध्ये वर्णिलेल्या या तंत्राने एका सार्वजनिक पत्त्याआड अनेक खाजगी पत्ते लपविता येऊ लागले, आणि 'आत एक जाळे, बाहेर इंटरनेट' असा दोन बाजूंचा राउटर हा नियम झाला. अशा राउटरला मार्गतक्त्याविषयी काही सांगण्याची वेळच सहसा येत नाही. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचे लिनक्सवर आधारलेले फर्मवेअर मुक्त परवान्यामुळे उपलब्ध झाले आणि त्यातून २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. त्याद्वारे घरगुती यंत्रावरही मोठ्या राउटरांसारखे मार्गांचे पूर्ण नियंत्रण मिळू लागले.

दोन राउटरांचे घर

स्थिर मार्गाची सर्वांत सामान्य गरज पुढील रचनेत भासते. सेवादात्याने फायबर जोडणीबरोबर एक उपकरण दिलेले असते. त्याला येथे मुख्य राउटर म्हणू. त्याचा घराच्या बाजूचा पत्ता १९२.१६८.१.१ असून उपजाळे १९२.१६८.१.०/२४ आहे. घरमालकाने स्वतःचा दुसरा राउटर आणून तो पहिल्याला जोडला. त्याला आतला राउटर म्हणू. त्याच्या वरच्या, म्हणजे 'वॅन' बाजूचा पत्ता १९२.१६८.१.२ आणि आतल्या बाजूचा १९२.१६८.२.१ आहे. त्याच्या पोटात १९२.१६८.२.०/२४ हे दुसरे उपजाळे असून तेथे १९२.१६८.२.५० या पत्त्यावर घरातील छायाचित्रे व कागदपत्रे साठविणारे संचययंत्र आहे.

आतला राउटर विकत घेतला तसाच जोडला, तर तो स्वतः नॅट करतो. आतल्या उपकरणांना इंटरनेट मिळते, ती वरच्या उपजाळ्यातील उपकरणांपर्यंतही पोहोचू शकतात. परंतु वरून आत येण्याचा मार्ग नसतो. या स्थितीला दुहेरी नॅट म्हणतात. दिवाणखान्यातील संगणकाला संचययंत्र दिसत नाही आणि रोजची राखीव प्रत घेणारी आज्ञावली मुकाट्याने अपयशी होत राहते. चकती बिघडते त्या दिवशी प्रत नसल्याचे उघडकीस येते.

स्थिर मार्गाने हे सोडवायचे असल्यास आतल्या राउटरवरील नॅट बंद करावे लागते. काही राउटरांवर यासाठी 'गेटवे' आणि 'राउटर' अशा दोन कार्यपद्धती दिलेल्या असतात, त्यांतील दुसरी निवडावी लागते. ज्या यंत्रावर नॅट बंद करण्याची सोयच नाही, ते या कामाला निरुपयोगी आहे. त्यावर केवळ मार्ग घालत बसण्यात अर्थ नाही. नॅट बंद झाल्यावर मुख्य राउटरवर पुढील नोंद करतात: गंतव्य १९२.१६८.२.०, मुखवटा २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.२, दुवा 'लॅन'. आतल्या राउटरवर वेगळा मार्ग घालावा लागत नाही. १९२.१६८.१.०/२४ हे उपजाळे त्याला प्रत्यक्ष जोडलेले आहे आणि उरलेल्या सर्व जगासाठी त्याचा डीफॉल्ट मार्ग १९२.१६८.१.१कडे जातो.

आतल्या राउटरचा १९२.१६८.१.२ हा पत्ता बदलता कामा नये. तो मुख्य राउटरच्या डीएचसीपी सेवेकडून मिळत असेल, तर तेथे त्याचे आरक्षण करावे किंवा वाटपाच्या मर्यादेबाहेरचा पत्ता आतल्या राउटरवर हाताने द्यावा. अन्यथा एखाद्या वीजखंडानंतर तोच पत्ता दूरचित्रवाणी संचाला मिळतो आणि संचययंत्राची सारी पॅकेटे त्या संचाकडे जाऊ लागतात.

नोंद करताना होणाऱ्या चुका

बहुतेक अपयश चार रकान्यांतच दडलेले असते. सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे गेटवेच्या जागी आतल्या राउटरचा आतला पत्ता, म्हणजे १९२.१६८.२.१, लिहिणे. हा पत्ता मुख्य राउटरच्या थेट संपर्कात नाही. तिथपर्यंत कसे जायचे हेच तर त्याला शिकवायचे आहे. पुढचा टप्पा नेहमी नोंद करणाऱ्या राउटरच्या स्वतःच्या उपजाळ्यातील हवा. खेड्यातील माणसाला तालुक्याचा रस्ता विचारला तर तो आपल्या वेशीवरची वाट दाखवतो, तालुक्यातील पेठेची गल्ली नव्हे.

दुसरी चूक गंतव्य रकान्यातील. २४ बिटांच्या मुखवट्याबरोबर १९२.१६८.२.५० असे लिहिल्यास काही राउटर नोंद नाकारतात आणि काही शेवटचा अंक परस्पर शून्य करतात. एकाच यंत्रासाठी मार्ग हवा असेल तर मुखवटा २५५.२५५.२५५.२५५ असा द्यावा लागतो.

दोन लगतची उपजाळी एकाच नोंदीत गुंफता येतात, पण कोणतीही दोन नव्हे. १९२.१६८.२.० आणि १९२.१६८.३.० ही २५५.२५५.२५४.० या मुखवट्याखाली १९२.१६८.२.०/२३ अशी एकत्र येतात, कारण तिसऱ्या अंकाचा केवळ शेवटचा बिट वेगळा आहे. १९२.१६८.१.० आणि १९२.१६८.२.० अशी मात्र एकत्र येत नाहीत. द्विमान पद्धतीत १ आणि २ यांचे शेवटचे दोन्ही बिट भिन्न आहेत.

एका पॅकेटचा प्रवास

नोंद अचूक असूनही जोडणी अर्धवट चालते, असा अनुभव या रचनेत वारंवार येतो. तो समजण्यासाठी एका पॅकेटचा जाण्यायेण्याचा मार्ग पाहावा लागतो.

दिवाणखान्यातील संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.२० आहे. त्याला संचययंत्राशी बोलायचे आहे. आपल्या मुखवट्याने तपासल्यावर गंतव्य आपल्या उपजाळ्यात नाही हे त्याला कळते, म्हणून तो पॅकेट आपल्या गेटवेकडे, म्हणजे मुख्य राउटरकडे पाठवतो. पॅकेटवरील आयपी गंतव्य संचययंत्राचेच राहते. केवळ त्या टप्प्यापुरता इथरनेट पत्ता मुख्य राउटरचा असतो. मुख्य राउटर तक्ता पाहतो, स्थिर मार्ग सापडतो, आणि पॅकेट ज्या दुव्याने आले त्याच दुव्याने १९२.१६८.१.२कडे परत पाठविले जाते. आतला राउटर ते संचययंत्राला देतो.

उत्तर उलट दिशेने निघते, पण त्याच वाटेने नाही. संचययंत्र ते आतल्या राउटरकडे देते. आतल्या राउटरला १९२.१६८.१.२० हा पत्ता स्वतःच्याच उपजाळ्यात दिसतो. तो मुख्य राउटरला न विचारता उत्तर थेट संगणकाला पोहोचवतो. जाताना तीन हात लागले, येताना दोनच. यालाच असममित मार्गन म्हणतात.

आयपीच्या दृष्टीने यात काहीच गैर नाही. अडचण मुख्य राउटरवरील अग्निभिंतीची, म्हणजे फायरवॉलची असते. ती प्रत्येक टीसीपी संभाषणाची नोंद ठेवते. संगणकाचे पहिले पॅकेट तिला दिसते, संचययंत्राचा होकार तिच्या पाठीमागून निघून जातो, आणि मग संगणकाचे तिसरे पॅकेट तिच्यापुढे येते. उत्तर न पाहिलेल्या संभाषणातील हे पॅकेट तिला असंगत वाटते आणि ती ते टाकून देऊ शकते. परिणाम चमत्कारिक असतो. 'पिंग'ला उत्तर मिळते, पण फाइली उघडत नाहीत. काही वेळा संभाषण काही क्षण चालून थांबते. पिंगला उत्तर मिळाले म्हणजे मार्ग पूर्ण आहे, असा निष्कर्ष काढणारा येथे हमखास चुकीच्या जागी शोध घेत बसतो.

यातून सुटण्याचे काही उपाय आहेत. मुख्य राउटर संगणकाला आयसीएमपी पुनर्निर्देश पाठवून 'थेट १९२.१६८.१.२कडे जा' असे सुचवू शकतो. मात्र सुरक्षेच्या कारणास्तव अनेक प्रणालींवर अशा सूचना स्वीकारणे बंद ठेवलेले असते, म्हणून त्यावर भिस्त ठेवणे योग्य नाही. दुसरा उपाय मार्ग राउटरऐवजी संगणकावरच घालण्याचा. विंडोजवर 'राउट ॲड' या आज्ञेने तो घालता येतो, परंतु संगणक पुन्हा सुरू केल्यावरही टिकावा यासाठी त्यास 'पी' हा पर्याय जोडावा लागतो. लिनक्सवर 'आयपी राउट ॲड' ही आज्ञा आहे. तिचाही परिणाम पुनरारंभापर्यंतच टिकतो आणि कायमची नोंद प्रणालीच्या जाळेविषयक धारिकांमध्ये करावी लागते.

सर्वांत स्वच्छ उपाय रचनेतच बदल करण्याचा आहे. दोन राउटरांमधील दुवा वेगळ्या, लहानशा उपजाळ्यावर न्यावा आणि त्यावर अन्य कोणतेही उपकरण ठेवू नये. उदाहरणार्थ १०.०.०.०/३०: यात ४ पत्ते असून १०.०.०.१ आणि १०.०.०.२ हे दोन वापरता येतात, नेमके दोन राउटरांपुरते. आता आतल्या राउटरला १९२.१६८.१.० हे जाळे थेट दिसत नाही. जाणारी आणि येणारी दोन्ही पॅकेटे दोन्ही राउटरांमधूनच जातात आणि अग्निभिंतीला संभाषण पूर्ण दिसते. यासाठी मुख्य राउटरवर एखादा खुंट वेगळ्या उपजाळ्याला देता यावा लागतो. ओपनडब्ल्यूआरटीवर ते शक्य आहे, सेवादात्याच्या उपकरणावर बहुधा नाही. घरात स्वतःचा राउटर मुख्य करून सेवादात्याच्या उपकरणाला 'ब्रिज' पद्धतीत ठेवण्याची जाणकारांची शिफारस यामुळेही असते.

मार्ग बरोबर, तरी दार बंद

मार्ग केवळ दिशा दाखवतो. परवानगी देत नाही. आतल्या राउटरची 'वॅन' बाजू ही इंटरनेटची बाजू आहे असे गृहीत धरून त्याची अग्निभिंत बाहेरून आलेले सर्व काही अडवते. नॅट बंद केल्याने ही भिंत आपोआप खाली येत नाही. १९२.१६८.१.०/२४कडून येणाऱ्या पॅकेटांना तेथे स्वतंत्र परवानगी द्यावी लागते.

गंतव्य यंत्राचीही स्वतःची भिंत असते. विंडोजमधील फाइल व छपाईयंत्र सहभागणीचे नियम, पिंगला उत्तर देण्याच्या नियमासह, घरगुती जाळ्यावर मूळ स्थितीत 'स्थानिक उपजाळे' एवढ्यापुरतेच लागू असतात. त्यामुळे दुसऱ्या उपजाळ्यातून पाठविलेल्या पिंगला विंडोज संगणक गप्प राहतो आणि दोष मार्गाला दिला जातो. शिवाय 'जवळचे छपाईयंत्र शोधा' यासारख्या सोयी ज्या बहुप्रक्षेपित संदेशांवर चालतात, ते २२४.०.०.२५१ या पत्त्यावरील संदेश राउटर ओलांडतच नाहीत. छपाईयंत्र यादीत दिसत नसले तरी त्याचा आयपी पत्ता हाताने लिहिल्यास ते छापू लागते.

आतल्या उपकरणांना इंटरनेट न मिळणे ही आणखी एक अडचण. आतल्या राउटरचे नॅट बंद झाल्यावर १९२.१६८.२.५० हा पत्ता तसाच मुख्य राउटरपर्यंत येतो. काही घरगुती राउटर केवळ स्वतःच्या लॅनमधील पत्त्यांनाच नॅट करतात आणि अनोळखी खाजगी पत्त्यांची पॅकेटे टाकून देतात. अशा उपकरणावर मार्ग कितीही बरोबर असला तरी उपयोग होत नाही. नॅट होत असूनही स्थिर मार्ग नसेल, तर उत्तर मुख्य राउटरपर्यंत परत येते, पण १९२.१६८.२.० कोठे आहे हे माहीत नसल्याने तो ते डीफॉल्ट मार्गाने पुन्हा सेवादात्याकडेच लोटतो.

दोन घरे, एक जाळे

व्हीपीएनद्वारे दोन घरे जोडताना स्थिर मार्गाचे काम अधिक महत्त्वाचे ठरते. समजा, पुण्यातील घर आणि साताऱ्यातील आईवडिलांचे घर जोडून तेथील कॅमेरे पुण्याहून पाहायचे आहेत. कॅमेरे थेट इंटरनेटवर उघडे ठेवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सुरक्षित आहे. परंतु दोन्ही घरांत राउटर मूळ स्थितीतच असेल, तर दोन्हीकडे १९२.१६८.१.०/२४ हेच उपजाळे असण्याची शक्यता मोठी. पुण्याच्या राउटरला हे उपजाळे प्रत्यक्ष जोडलेले दिसते, आणि प्रत्यक्ष जोडलेला मार्ग समान मुखवट्याच्या स्थिर मार्गावर मात करतो. साताऱ्याकडे निघालेले पॅकेट पुण्यातच घुटमळते. येथे कोणत्याही मार्गनोंदीने भागत नाही. एका घराचे पत्ते बदलावे लागतात, उदाहरणार्थ साताऱ्याचे १९२.१६८.७७.०/२४.

व्हीपीएनचे काम राउटरऐवजी घरातील एखाद्या लहान संगणकाकडे, समजा १९२.१६८.१.५ या पत्त्यावर, असेल तर पुण्याच्या राउटरवर १९२.१६८.७७.०/२४साठी १९२.१६८.१.५ हा गेटवे देणारा स्थिर मार्ग लागतो, आणि साताऱ्याच्या बाजूला उलट दिशेची तशीच तजवीज. परतीचा मार्ग विसरणे ही या कामातील सर्वांत सामान्य चूक आहे. २०२० साली लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत समाविष्ट झालेल्या वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये प्रत्येक जोडीदाराच्या नावे 'अलाउड आयपी' अशी पत्त्यांची यादी असते. ती यादी एकाच वेळी दोन कामे करते: जाणारे पॅकेट कोणत्या जोडीदाराकडे द्यायचे हे ठरविते, आणि आलेले पॅकेट त्या यादीतील पत्त्यावरून निघालेले नसल्यास टाकून देते. प्रणालीच्या मार्गतक्त्यात मार्ग आहे पण या यादीत उपजाळे नाही, असे झाल्यास पॅकेट बोगद्याच्या तोंडाशीच संपते.

भारतात अनेक सेवादाते ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता न देता सामाईक नॅटच्या आड ठेवतात. राउटरच्या बाहेरील बाजूचा पत्ता १००.६४.०.०/१० या समूहातला दिसला, तर ते त्याचे लक्षण समजावे. हा समूह २०१२ साली आरएफसी ६५९८ने त्याच कामासाठी राखला. दोन्ही घरे अशा नॅटच्या आड असतील तर बोगदा थेट जुळणे अवघड असते. एका टोकाला सार्वजनिक पत्ता घ्यावा लागतो किंवा मध्ये भाड्याचा सर्व्हर ठेवावा लागतो.

डीएचसीपीद्वारे मार्ग देणे

घरातील प्रत्येक संगणकावर हाताने मार्ग घालण्याऐवजी डीएचसीपी सेवेकडून तो वाटता येतो. २००२ सालच्या आरएफसी ३४४२मध्ये यासाठी पर्याय क्रमांक १२१ निश्चित करण्यात आला. त्यातील एक अट पुष्कळांना गोत्यात आणते. पर्याय १२१ मिळाल्यास उपकरणाने नेहमीचा गेटवे सांगणारा पर्याय ३ दुर्लक्षित करावा, असा नियम आहे. म्हणून १२१मध्ये नवीन मार्गाबरोबर डीफॉल्ट मार्गही पुन्हा लिहावा लागतो. तो राहिला तर संचययंत्र दिसू लागते आणि इंटरनेट बंद पडते. अँड्रॉइड हा पर्याय मानतच नाही, त्यामुळे भ्रमणध्वनींना या वाटेने मार्ग देता येत नाही.

या पर्यायाची दुसरी बाजू मे २०२४मध्ये चर्चेत आली. 'टनेलव्हिजन' या नावाने प्रसिद्ध झालेल्या, सीव्हीई-२०२४-३६६१ असा क्रमांक मिळालेल्या दोषात हल्लेखोर स्थानिक जाळ्यावर स्वतःची डीएचसीपी सेवा चालवून पर्याय १२१द्वारे अधिक नेमके मार्ग पाठवतो. सर्वांत लांब मुखवट्याचा नियम येथे त्याच्या बाजूने काम करतो: व्हीपीएनचा डीफॉल्ट मार्ग हरतो आणि वाहतूक बोगद्याबाहेरून, कूटबद्ध न होता, हल्लेखोराच्या हातून जाते. बोगदा चालू असल्याचे चिन्ह मात्र पडद्यावर तसेच राहते. अँड्रॉइड पर्याय १२१ मानत नसल्याने या हल्ल्यापासून वाचला.

आयपीव्ही६मधील स्थिती

आयपीव्ही६मध्ये मुख्य राउटर सेवादात्याकडून पत्त्यांचा मोठा पट्टा घेतो आणि आतला राउटर डीएचसीपीव्ही६द्वारे त्यातील तुकडा मागून घेऊ शकतो. तुकडा देताना मुख्य राउटर त्याचा मार्गही स्वतःच तक्त्यात घालतो. हाताने मार्ग लिहिल्यास पुढचा टप्पा म्हणून बहुधा 'एफई८०'ने सुरू होणारा दुवास्थानिक पत्ता द्यावा लागतो. असे पत्ते प्रत्येक दुव्यावर पुन्हापुन्हा येऊ शकतात, म्हणून दुव्याचे नाव सांगणे अनिवार्य असते. सेवादात्याने दिलेला पट्टा बदलला की त्यावर आधारलेले स्थिर मार्ग निरर्थक होतात. घरातल्या घरात टिकाऊ पत्ते हवे असल्यास आरएफसी ४१९३मधील स्थानिक पत्ते वापरतात.

तपासणी

मार्ग घातल्यावर प्रथम तक्ता वाचावा. विंडोजवर 'राउट प्रिंट', लिनक्सवर 'आयपी राउट' आणि मॅकवर 'नेटस्टॅट' या आज्ञांनी तो दिसतो. राउटरवर स्थिर नोंदींची यादी आणि प्रत्यक्ष चालू तक्ता ही दोन वेगळी पृष्ठे असू शकतात. नोंद यादीत असूनही तक्त्यात नसेल, तर पुढचा टप्पा राउटरला आवाक्याबाहेर वाटतो किंवा दुवा चुकीचा निवडला आहे.

त्यानंतर ट्रेसराउट. ही आज्ञा आयुर्मर्यादेचा अंक १पासून वाढवीत पॅकेटे पाठवते. प्रत्येक राउटर त्यातून १ वजा करतो आणि अंक शून्य होताच पॅकेट टाकून प्रेषकाला कळवतो. उत्तर देणाऱ्यांची क्रमवार यादी म्हणजेच मार्ग. दोन राउटरांच्या उदाहरणात पहिली ओळ १९२.१६८.१.१ आणि दुसरी १९२.१६८.१.२ असावी. दुसऱ्या ओळीवर सेवादात्याचा पत्ता आला तर मुख्य राउटर स्थिर मार्ग वापरत नाही. तेच दोन पत्ते आळीपाळीने येत राहिले तर दोन राउटर एकमेकांकडे बोट दाखवीत आहेत. हे मार्गचक्र आयुर्मर्यादा संपेपर्यंत चालते. यादी आतल्या राउटरपर्यंत येऊन थांबली तर दोष मार्गाचा नसून बहुधा अग्निभिंतीचा, किंवा संचययंत्रावर चुकीचा गेटवे असल्याचा आहे. ट्रेसराउटला केवळ जाण्याची वाट दिसते. परतीची पाहायची तर तीच आज्ञा पलीकडच्या यंत्रावरून द्यावी लागते.

मर्यादा

पुढचा टप्पा बंद पडल्याचे स्थिर मार्गाला कळत नाही. तार थेट राउटरच्या खुंटात असेल तर तार निघाल्यावर मार्गही तक्त्यातून जातो. मध्ये स्विच असल्यास राउटरला दुवा सुरूच दिसतो आणि पॅकेटे नाहीशी होत राहतात. अधिक मेट्रिकचा पर्यायी मार्ग ठेवण्याची पद्धत याच कारणाने अपुरी पडते, कारण पहिला मार्ग तक्त्यात आहे तोवर दुसऱ्याला वाव मिळत नाही.

वेगळे उपजाळे म्हणजे वेगळे संरक्षण, असेही नाही. कॅमेरे आणि स्वस्त स्मार्ट उपकरणे दुसऱ्या उपजाळ्यात ठेवून मग सोयीसाठी दोन्हींत मार्ग उघडला, की ती पुन्हा एकमेकांच्या आवाक्यात येतात. अडवायचे काम अग्निभिंतीच्या नियमांनीच करावे लागते. सेवादात्याच्या उपकरणांवर दूरस्थ व्यवस्थापन चालू असते, आणि त्यातून होणाऱ्या अद्ययावतीकरणात हाताने घातलेले मार्ग पुसले जाऊ शकतात. त्यामुळे बदलापूर्वीच्या मांडणीची प्रत आणि प्रत्येक मार्गाचे चार रकाने कागदावर उतरवून राउटरजवळ ठेवण्याची जुनी पद्धत अजूनही उपयोगी पडते. दुसऱ्या गावच्या राउटरवर दूरून मार्ग बदलणे टाळावे: चुकीची नोंद ज्या वाटेने केली तीच वाट तोडते, आणि ती दुरुस्त करण्यासाठी मग कोणाला तरी त्या गावी जावे लागते.